मळ्यांतील गारवा: सिन्नर प्रांताच्या अनुषंगानें जलशीतनाचा विचार

(१) विषयप्रवेश

उन्हाळ्यांत पाण्याच्या योगानें घर गार राखण्याची विद्या आपल्या देशांत जुनी आहे, हें वाचकांस विदित आहेच. परंतु ह्या विद्येचा इतिहास बहुतेक राजवाड्यांच्या अंगानें लिहिला गेला आहे. कारंजीं, हौद, धारागृहें, वाळ्याचे पडदे ह्यांचीं वर्णनें ग्रंथांत सांपडतात. कांहीं वास्तू अद्याप उभ्या आहेत. म्हणून अभ्यासकांचें लक्ष साहजिकच तिकडे जातें. शेतकऱ्यानें, माळ्यानें व पानमळेवाल्यानें आपल्या रोपांसाठीं जी गारव्याची सोय केली, ती गवताची, तरटाची व मडक्याची असल्यामुळें दहा-वीस वर्षांत मातीस मिळाली. तिचे शिलालेख कोरले गेले नाहींत व तिच्यावर कवींनीं काव्येंहि केलीं नाहींत. परिणाम असा झाला कीं, पाण्याचा गारवा म्हणजे दरबारी चैन, व ती वरून खालीं, म्हणजे वाड्यांतून मळ्यांत उतरली, अशी समजूत रूढ होऊन बसली आहे.

ही समजूत तपासून पाहावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. अलीकडे मातीवांचून, नुसत्या क्षारयुक्त पाण्यांत भाजीपाला वाढविण्याची जी पद्धति ‘हायड्रोपोनिक्स’ ह्या नांवानें प्रसिद्ध आहे, तिचा प्रसार आपल्याकडेहि होत आहे. पत्र्याच्या बंद शेडमध्यें दिव्यांच्या उजेडावर कोथिंबीर-पालक लावणाऱ्यास पहिला शत्रु भेटतो तो उष्म्याचा. वातानुकूलनयंत्र परवडत नाहीं, म्हणून तो घरगुती युक्तीनें पाण्याचा गारवा करूं पाहतो. त्यानें कोणत्या परंपरेचा कित्ता गिरवावा, वाड्याच्या कीं मळ्याच्या, हें ठरविण्यास इतिहास उपयोगी पडेल अशी आमची धारणा आहे. अवर्षणग्रस्त तालुक्यांत ह्या निवडीवर किती पाणी वाफ होऊन जाईल व किती पिकास मिळेल हें अवलंबून असल्यामुळें, तींत चूक होणें महाग आहे.

विवेचनासाठीं आम्ही सिन्नर हा प्रांत निवडला आहे. एक तर तेथील इतिहास दीर्घ व बराचसा साधार आहे. आणि दुसरें असें कीं, कोरडी हवा, थोडें पाणी व बागाईत पिकें हीं तिन्ही तेथें एकत्र आलेलीं आहेत.

(२) सिन्नरची भूमि, हवा व पाणी

सिन्नर हें गांव नाशिकच्या आग्नेयेस सुमारें ३० किलोमीटरांवर, नाशिक-पुणें रस्त्यावर आहे. यादवांच्या ताम्रपटांत येणारें सिंदिनगर तें हेंच असें बहुतेक संशोधक मानतात. दुसऱ्या भिल्लमाचा संगमनेर येथील ताम्रपट शके ९२२ चा, म्हणजे इ. स. १००० चा आहे. देवगिरीस राजधानी जाण्यापूर्वी ह्या वंशाचें ठाणें सिन्नर प्रांतीं होतें. गांवाबाहेरील गोंदेश्वराचें पंचायतन त्या वैभवाची साक्ष देत आजहि उभें आहे. तें राव गोविंद नामक यादव पुरुषानें बांधविलें अशी परंपरा आहे.

सह्याद्रीच्या पूर्वेस असल्यामुळें ह्या तालुक्यावर पर्जन्याची कृपा बेताचीच. त्यांतहि वावी, नांदूर-शिंगोटें ह्या पूर्वभागांत ती फारच थोडी. चैत्र-वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो व हवा अत्यंत कोरडी असते. असें असतांहि सिन्नरची कसबा-जमीन मात्र बागाईत म्हणून प्रसिद्ध होती. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांतील नाशिकविषयक खंडांत (१८८३) सिन्नरभोंवतालच्या पाणभरत्या जमिनींत ऊंस, केळी, भात व विड्याचीं पानें होत असल्याचा निर्देश आहे. हें पाणी देवनदीचें. नदीवर ठिकठिकाणीं लहान बंधारे घालून, पाट काढून, केवळ उताराच्या बळावर तें शेतांत नेण्याची व्यवस्था तेथें जुनी आहे. पांझरा, मोसम, आरम ह्या नद्यांवरील फडपद्धतीशीं तिचें नातें जवळचें आहे. हे पाट मध्यंतरीं नादुरुस्त झाले होते, इ. स. २००० नंतरच्या काळांत ‘युवा मित्र’ ह्या तेथील संस्थेनें लोकांच्या श्रमसहभागानें त्यांचें पुनरुज्जीवन हातीं घेतलें, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

वरील यादींतील विड्याच्या पानांकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. नागवेल ही दमट, सावलीच्या व गार जागेची वेल. तिला कडक ऊनहि सोसत नाहीं व झळईचा वाराहि सोसत नाहीं. अशी वेल सिन्नरच्या वैशाखांत जगत होती, ह्याचाच अर्थ तेथील मळेकऱ्यांस कृत्रिम गारवा निर्माण करण्याची विद्या अवगत होती. ती कोणती, हें पुढें पाहूं.

(३) वाड्याची परंपरा

आधीं प्रसिद्ध परंपरेचा परामर्श घेऊं. कालिदासाच्या ऋतुसंहारांत ग्रीष्माच्या आरंभींच जलयंत्रमंदिराचा उल्लेख येतो. अकराव्या शतकांत माळव्याच्या भोजराजाच्या नांवावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथांत यंत्राध्यायांत धारागृह, प्रवर्षण, प्रणाल, जलमग्न व नंद्यावर्त असे जलगृहांचे पांच प्रकार वर्णिले आहेत. येथें एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. ह्याच ग्रंथांत भूमिज जातीच्या प्रासादांचें विवरण आहे, आणि गोंदेश्वराचें मुख्य शिखर भूमिज जातीचें आहे. म्हणजे माळवा व सेउणदेश ह्यांच्यामध्यें शिल्पविद्येचें दळणवळण होतें, हें उघड आहे. परंतु तेवढ्यावरून यादवांच्या सिन्नरांत धारागृहें होतीं असें अनुमान बांधणें साहसाचें होईल. विद्या पोंचली म्हणजे वस्तु उभी राहिलीच असें नाहीं.

मोगल काळांत ह्या परंपरेस नवें वळण मिळालें. अबुल फजलनें ‘आईन-इ-अकबरी’ ग्रंथांत दोन युक्ति सांगितल्या आहेत. पहिली वाळ्याची: बांबूच्या सांगाड्यांत वाळ्याच्या मुळ्या भरून त्यांच्या भिंती करावयाच्या व त्यांवर पाणी शिंपडावयाचें. दुसरी शोऱ्याची: एक शेर पाणी जस्त-कथलाच्या किंवा रुप्याच्या सुरईंत भरून तोंड बंद करावयाचें, दुसऱ्या भांड्यांत पांच शेर पाण्यांत अडीच शेर शोरा टाकावयाचा, व त्या मिश्रणांत ती सुरई सुमारें पाव तास फिरवावयाची. शोरा विरघळतांना उष्णता शोषून घेतो व आंतील पाणी थंड होतें. पुढें तें मिश्रण आटवून शोरा परत मिळे. ह्या दुसऱ्या युक्तींत थंड करणारें पाणी व थंड होणारें पाणी हीं एकमेकांस शिवत नाहींत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याचा उपयोग पुढें आहे.

महाराष्ट्रांतील वास्तूंपैकीं दोन येथें विशेष विचारार्ह आहेत. अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथील फराहबाग हा निजामशाही महाल इ. स. १५८३ त पुरा झाला. विस्तीर्ण तळ्याच्या मधोमध तो अष्टकोनी महाल बांधलेला असल्यानें चोहोंकडून येणारा वारा पाण्यावरून वाहत येई. त्या तळ्यास पाणी दुरून खापरी नळांनीं आणलेलें होतें. दुसरी वास्तु औरंगाबाद (आतांचें छत्रपति संभाजीनगर) येथील पाणचक्की. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्याच्या पूर्वार्धापर्यंत खाम नदीच्या कांठीं ती सिद्ध झाली. डोंगराकडून भूमिगत नहरीनें आलेलें पाणी उंचावरून पडून जातें फिरवी. मग मोठ्या हौदांत सांचे. त्या हौदाचा तळ हेंच खालच्या दालनाचें छत असल्यानें दालन उन्हाळ्यांतहि गार राही. आणि शेवटीं पाणी नदीस मिळे. फराहबागेंत पाणी वाफ होऊन गारवा देतें. पाणचक्कींत तें बव्हंशीं स्पर्शानें, म्हणजे दगडी छतांतून उष्णता शोषून, गारवा देतें व पुढें चालूं लागतें. दोहोंत भेद आहे तो हाच, व तो मूलभूत आहे.

पेशवाईंत नानासाहेबांच्या काळीं कात्रजहून पुण्यास नळानें पाणी आलें व पुढें शनिवारवाड्यांत हजारी कारंजें उडूं लागलें. इंग्रजी अमदानींत वाळ्याच्या तट्ट्यांस हातानें फिरविण्याचा पंखा जोडला गेला. अमेरिकेंतील बोस्टन बंदरांतून गलबतानें बर्फ इ. स. १८३३ त कलकत्त्यास व १८३४ त मुंबईस येऊं लागला. परंतु हा सर्व थाट बंदराचा, छावणीचा व वाड्याचा. सिन्नरच्या मळेकऱ्यास त्यांतील कांहींच उपलब्ध नव्हतें. त्याचें काम त्यावांचून अडलें नाहीं, हेंच आमच्या प्रतिपादनाचें बीज आहे.

(४) मळ्याची परंपरा

रोपांस उष्म्यापासून जपावें ही जाणीव आपल्या ग्रंथांत प्राचीन काळापासून आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेदाध्यायांत थंडी, वारा व ऊन ह्यांमुळें वृक्षांस रोग होतात असें सांगून, ग्रीष्मांत सकाळीं व संध्याकाळीं अशा दोन्ही वेळीं पाणी घालण्याचा नियम दिला आहे. दुपारच्या तापांत पाणी घालूं नये, हें आजचा शेतकरीहि सांगतो. हें शास्त्र राजाच्या स्नानगृहासाठीं लिहिलेलें नव्हतें.

परंतु मुख्य पुरावा पानमळ्याचा. दख्खनी पानमळ्याची रचना अशी असते: नागवेलीच्या ओळींत शेवरी, हदगा, शेवगा किंवा पांगारा लावून त्यांवर वेल चढवितात. हीं झाडें वेलीस आधारहि देतात व वरून जाळीदार सावलीहि धरतात. मळ्याच्या चोहोंबाजूंनीं दाट कूड किंवा कुंपण करून उष्ण वारा अडवितात. आंत पाणी थोडें थोडें पण वरचेवर देतात, त्यामुळें जमीन सदैव ओलसर राहते. भर दुपारीं पानमळ्यांत शिरणाऱ्यास अंगावर ओलें वस्त्र घेतल्याप्रमाणें गारवा भासतो तो ह्यामुळें. बुंदेलखंडांत महोबा-छत्तरपूराकडे हीच गोष्ट आणखी पुढें नेलेली दिसते. तेथील ‘बरेजा’ म्हणजे बांबू व गवत ह्यांनीं भिंतींसह छावलेलें संपूर्ण घरच. त्याच्या आंत पाण्याच्या घागरी खांद्यावर घेऊन दिवसांतून अनेकदां शिंपण करितात. रोपांसाठीं बांधलेलें, पाण्यानें थंड केलेलें, बंदिस्त घर म्हणून बरेजापेक्षां स्पष्ट उदाहरण मिळणें कठीण.

येथें पाश्चात्य हरितगृहाशीं तुलना उद्बोधक आहे. युरोपांत कांचेचें घर बांधिलें तें थंडींत ऊब धरून ठेवण्यासाठीं. आपल्याकडे गवताचें घर बांधिलें तें उन्हाळ्यांत ऊब बाहेर ठेवण्यासाठीं. हेतु अगदीं उलट असल्यामुळें, तिकडील घर जसेंच्या तसें इकडे आणलें तर त्यांतील रोप भाजून निघतें. इ. स. १९९० नंतर तळेगांव-दाभाडे परिसरांत फुलशेतीचीं पॉलिहाउसें उभीं राहूं लागलीं, तेव्हां वायुवीजन व तुषार ह्यांची जोड देणें भाग पडलें तें ह्याच कारणानें.

दुसरें उदाहरण प्रत्येक शेतकऱ्याच्या देवघरांतील आहे. आश्विनांत घटस्थापनेच्या दिवशीं परडींत किंवा पत्रावळीवर शेतांतील काळी माती घालून, मध्यें पाण्यानें भरलेला मातीचा घट ठेवतात व भोंवतीं धान्य पेरतात. घट कच्च्या भाजणीचा असेल तर तो पाझरतो. त्या पाझरानें माती ओली राहते, आणि घटाच्या अंगावरून होणाऱ्या बाष्पीभवनानें ती गारहि राहते. नऊ दिवसांत घरांतल्या घरांत, उन्हाचा कवडसा नसतां, वीतभर पिवळे अंकुर येतात. ह्या आचाराचा धार्मिक अर्थ निराळा आहे व त्यास आम्ही हात लावीत नाहीं. परंतु बंद खोलींत, पाझरत्या भांड्याच्या आश्रयानें रोपें वाढविण्याची ही रीत ज्यांच्या घरोघर आहे, त्यांस गारव्याचें तत्त्व दरबाराकडून शिकावें लागलें असेल असें कोण म्हणेल? आचार हा कालनिर्णयास पुरावा होत नाहीं, हें खरें. पण तो विद्येचा प्रसार दाखवितो.

तिसरें उदाहरण खास सिन्नरचें. विसाव्या शतकांत सिन्नर हें विड्यांच्या धंद्यासाठीं नांवाजलें. टेंभुर्णीचीं वाळलेलीं पानें वळण्याजोगीं मऊ व्हावींत म्हणून तीं पाण्यांत भिजवून ओल्या फडक्यांत किंवा तरटांत गुंडाळून ठेवावीं लागतात. कोरड्या हवेंत पान कडक होऊन फाटतें. ओल्या तरटाची पानाशीं असलेली ही मैत्री सिन्नरच्या घरोघरच्या विडी वळणाऱ्या बायांस शिकवावी लागत नव्हती. कुंभाराचा माठ, प्रवाशाची कातडी पखाल, शेतावर नेलेल्या बाटलीस गुंडाळलेलें ओलें फडकें, हीं त्याच कुळांतलीं.

ह्या उदाहरणांचा एकत्रित विचार करितां आमचें मत असें होतें कीं, वाळ्याचा पडदा मळ्याच्या ओल्या कुडाचें दरबारी रूप असणें अधिक संभवनीय आहे. वाळा हें नदीकांठचें गवत, बांबू हा रानचा, शिंपण माळ्याचें. अबुल फजल बादशहास श्रेय देतो तें दरबारी लेखकाच्या धर्मास अनुसरून; पण बादशहानें प्रचारांत आणलें ह्याचा अर्थ त्यानें प्रथम शोधून काढलें असा होत नाहीं.

(५) तत्त्वविचार

आतां ह्या दोन परंपरांचें पदार्थविज्ञान थोडक्यांत सांगतों, कारण त्यावांचून पुढील निष्कर्ष निराधार वाटेल.

एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें २,४०० किलोज्यूल उष्णता शोषिली जाते. एक हजार वॉटचा दिवा तासाभरांत ३,६०० किलोज्यूल उष्णता देतो. म्हणजे तेवढी उष्णता नाहींशी करण्यास ताशीं दीड लिटर पाणी वाफ करावें लागतें. बारा तास दिवा चालला तर अठरा लिटर, म्हणजे मोठ्या हंड्यास थोडें अधिक. एवढें पाणी फार नव्हे. परंतु ही वाफ बाहेर जाण्यास वाट पाहिजे. नाहींतर खोली दमट होऊन बाष्पीभवनच थांबतें. शिवाय हवा जितकी कोरडी तितका गारवा अधिक. चाळीस अंश तापमान व वीस टक्के आर्द्रता असलेली सिन्नरची वैशाखी हवा ओल्या पडद्यांतून गेल्यास अधिकांत अधिक सुमारें बावीस अंशांपर्यंत उतरूं शकते. चांगल्या पडद्यानें ती पंचवीस-सव्वीसांवर येते. श्रावणांत मात्र अठ्ठावीस अंश व पंच्याऐंशी टक्के आर्द्रता असतां तोच पडदा दोन अंशांचाहि फरक पाडीत नाहीं. वाळ्याचे तट्टे पावसाळ्यांत काढून ठेवीत, तें उगीच नव्हे.

स्पर्शानें थंड करण्याचा हिशेब निराळा. विहिरीचें पाणी पंचवीस अंशांचें असून तें अठ्ठावीसांपर्यंत तापूं दिलें, तर लिटरमागें जेमतेम साडेबारा किलोज्यूल उष्णता निघते. एका हजार वॉटच्या दिव्यासाठीं ताशीं सुमारें २९० लिटर, बारा तासांस सुमारें साडेतीन हजार लिटर पाणी फिरवावें लागतें. हा आंकडा पाहून वाचक दचकेल. पण तेथें एक थेंबहि खर्च होत नाहीं. पाणी उसनें घेतलें व तीन अंश कोमट करून परत केलें. तें पुढें ठिबकांत सोडलें तर पिकास तितकेंच उपयोगी. फराहबागेचा मार्ग थोडें पाणी कायमचें घेतो; पाणचक्कीचा मार्ग पुष्कळ पाणी घटकाभर घेतो. पाटाच्या पाण्यावर ज्याचा हक्क पाळीनें येतो त्यास हा भेद समजावून सांगण्याची गरज नाहीं.

(६) मातीविना शेती

वनस्पति नुसत्या क्षारयुक्त पाण्यांत वाढते, हें इ. स. १८६० च्या सुमारास साक्स व क्नोप ह्या जर्मन शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें. कॅलिफोर्नियांतील गेरिक ह्यानें १९२९ पासून प्रयोग करून ही विद्या प्रयोगशाळेबाहेर आणिली. ‘हायड्रोपोनिक्स’ हें नांव १९३७ त प्रसिद्ध झालें. आपल्या देशांत १९४६ त बंगालमधील कालिंपाँग येथें शोल्टो डग्लस ह्यांनीं साध्या साहित्यानें हे प्रयोग आरंभिले, व त्यावरील त्यांचा ग्रंथ १९५१ त निघाला. साधनें स्वस्त व गांवांत मिळणारीं असावींत, हा त्यांचा कटाक्ष होता. परंतु कालिंपाँग हें हिमालयाच्या पायथ्याचें थंड हवेचें ठिकाण. सिन्नरच्या पठारावर प्रश्न वेगळा होतो.

तो असा. मातींतील मूळ उन्हापासून सुरक्षित असतें, कारण वीतभर खालची माती दुपारींहि फारशी तापत नाहीं. पाण्यांत लोंबणाऱ्या मुळास तें कवच नाहीं. टांकींतील पाणी साधारण अठरा ते बावीस अंशांवर असावें असें जाणते सांगतात. वीस अंशांच्या पाण्यांत लिटरमागें नऊ मिलिग्रॅमांवर प्राणवायु विरघळतो. तीस अंशांत साडेसातच. त्याच वेळीं मुळांची प्राणवायूची भूक वाढते व पिथियमसारखी मूळकुजव्याची बुरशी बळावते. म्हणून पान जगविण्याआधीं मूळ गार राखलें पाहिजे. खोली थोडी तापली तरी चालेल, टांकी तापून चालणार नाहीं.

येथें इतिहासानें दिलेले तीन धडे लागू पडतात. पहिला शोऱ्याच्या सुरईचा: थंड करणारें व थंड होणारें पाणी मिसळूं देऊं नये. क्षारयुक्त पाणी स्वतःच ओल्या पडद्यावरून सोडलें तर पाणी उडून क्षार मागें राहतात, द्रावण तीव्र होतें व मुळें जळतात. म्हणून टांकींत नळीचें वेटोळें टाकून त्यांतून निराळें पाणी फिरवावें. नळी तांब्याची नसावी, कारण तांबें द्रावणांत उतरून रोपास विषवत् होतें. दुसरा धडा माठाचा: उन्हाळ्यांत टांकीस बाहेरून तरट गुंडाळून तें ओलें ठेवावें व त्यावर वारा खेळूं द्यावा. विहिरीचें पाणी टांकीस पंचविसाखालीं नेऊं शकत नाहीं. कोरड्या हवेंतील ओलें तरट नेऊं शकतें. तिसरा पानमळ्याचा: गारवा निर्माण करण्यापूर्वी उष्मा अडवावा. पत्र्यावर गवताचें किंवा उसाच्या पाचटाचें छप्पर, पश्चिमेस दाट झाडांची ओळ, आणि दिवे दिवसां न लावतां रात्रीं लावणें, ह्या तीन गोष्टींनीं जें काम होतें तें मोठ्या कूलरनेंहि होत नाहीं. कूलरचें गवत किंवा हल्लींचे कागदी मधपोळ्याचे पडदे हे मागाहून.

दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेंत १९८० नंतरच्या दशकांत रॉय व खुर्डिया ह्यांनीं भाजीपाला टिकविण्यासाठीं ‘शून्य-ऊर्जा शीतकक्ष’ तयार केला. विटांच्या दोन भिंती, मध्यें ओली वाळू, वर गवताचें झांकण, एवढीच त्याची सामग्री. उन्हाळ्यांत बाहेरपेक्षां दहा-पंधरा अंशांनीं तो थंड राहतो. आधुनिक प्रयोगशाळेनें शेवटीं घटाचें व पानमळ्याचेंच तत्त्व विटांत बांधलें, ही गोष्ट आमच्या मतास पोषक आहे.

(७) उपसंहार

वरील विवेचनाचा सारांश असा. पाण्यानें गारवा करण्याच्या आपल्याकडे दोन परंपरा दिसतात. एक वाड्याची, तींत पाणी मनुष्याच्या सुखासाठीं उडविलें जातें, व त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. दुसरी मळ्याची, तींत गारवा हें पाण्याचें जातां जातां केलेलें काम असतें, व तेंच पाणी अखेर मुळास मिळतें. पाणचक्की ही वास्तु दरबारी छायेंतली असली तरी तत्त्वानें दुसऱ्या परंपरेची आहे. तिनें एकाच पाण्याकडून दळण, हौद व गारवा हीं तिन्ही कामें करून घेतलीं. सिन्नरसारख्या तालुक्यांत, जेथें पूर्वेकडील गांवें उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात, तेथें नवीन शेती करणाऱ्यानें पहिल्या परंपरेचें अनुकरण केल्यास लोकांनीं त्यास नांवें ठेवावीं हें योग्यच होईल. दुसरीचें केल्यास त्याची शेती देवनदीच्या पाटांच्या इतिहासाचें पुढचें पान ठरेल.

पानमळ्यांच्या सारापट्टीचे कागद, पाटाच्या पाळ्यांच्या याद्या, वाळा व तरट ह्यांच्या खरेदीच्या नोंदी असलेल्या वाण्यांच्या व देशमुखांच्या वह्या, हीं सर्व ह्या विषयाचीं अस्सल साधनें होत. राजघराण्यांचीं दप्तरें जशीं जपलीं जातात तशीं हीं जपलीं जात नाहींत; माळवदांवर व कोनाड्यांत तीं वाळवीच्या स्वाधीन होतात. सिन्नर, संगमनेर व निफाड भागांतील ज्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या पानमळे होते, त्यांनीं आपलीं जुनीं रुमालें सोडून पाहावींत, व पाणी, सावली आणि कूड ह्यांविषयीं वडीलधाऱ्यांच्या तोंडीं असलेलें ज्ञान लिहून ठेवावें. मळा मोडला कीं कूड मोडतो, आणि कुडाबरोबर तो बांधण्याची रीतहि जाते. ती जाण्यापूर्वी कागदावर आली, तर वाड्यांच्या इतिहासाशेजारीं मळ्यांचा इतिहास मांडतां येईल, आणि ज्याच्या हातीं आज पाणी थोडें व ऊन फार आहे त्याच्या तो उपयोगी पडेल.